देवघेवीचे टेबल

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना गावात कुणी नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही. सगळे त्यांना ग्रंथपाल म्हणत. त्यांच्या घरी निरोप घेऊन गेलो तर आतून उत्तर यायचे, "ग्रंथपाल जेवायला बसलेत, थांब जरा." मीही आज त्यांना तेवढेच म्हणणार आहे.

माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. मुक्कामाच्या गाडीवर वाचायला त्यांना आठवड्याला दोन रहस्यकथा लागत. बाबूराव अर्नाळकर त्यांचे दैवत. ग्रंथपाल शनिवारी दोन पुस्तके बाजूला काढून त्यांवर वडिलांच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवत. एका शनिवारी चिठ्ठीखाली तीन पुस्तके निघाली. तिसरे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. वडील म्हणाले, "हे मी मागितलं नव्हतं." ग्रंथपाल म्हणाले, "माहितीये. नाही आवडलं तर परवा आणून द्या. वहीत लिहीत नाही." ते पुस्तक आमच्या घरी तीन आठवडे राहिले. परत करताना वडिलांनी टेबलावर ठेवले आणि एवढेच म्हणाले, "बाई भारी आहे."

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. दुसरी सांगायची राहून जाते, ती आज सांगतो. माझी थोरली बहीण तेव्हा अकरावीत होती. तिने एक कादंबरी मागितली. ग्रंथपाल म्हणाले, "वडिलांची चिठ्ठी आण." शेजारी तिच्याच वर्गातला मुलगा उभा होता आणि तीच कादंबरी आदल्या आठवड्यात तो विनाचिठ्ठी घेऊन गेला होता. ताई टेबलापाशी अर्धा तास उभी राहिली. वर्गणी माझी आहे, माझ्या नावाने पावती आहे, नियमात चिठ्ठी कुठे लिहिली आहे ते दाखवा, असे तिचे चालले होते. मागे रांग वाढत होती. शेवटी ग्रंथपालांनी चष्मा काढला, पुस्तक पुढे सरकवले आणि म्हणाले, "घे बाई." पुढे त्यांनी कुठल्याही मुलीकडे चिठ्ठी मागितल्याचे ऐकिवात नाही.

माझी बत्तीस वर्षे बँकेत गेली, त्यांतली शेवटची वीस संगणक विभागात. आज बोलायचे आहे ते आपापल्यापुरत्या झालेल्या वेबसाइटींवर. म्हणजे एकच साइट, पण तुमच्या फोनवर वेगळी दिसते आणि माझ्या फोनवर वेगळी. याला पर्सनलायझेशन म्हणतात. 'वैयक्तिकीकरण' हा शब्द परिभाषाकोशात शोभतो, तोंडात बसत नाही. या साइटी रोजच्या माणसाची सेवा कशी करतात हे तपासायला माझ्याकडे मोजमाप एकच आहे, ताईचे. यंत्राचा आपल्याविषयी गैरसमज झाला, तर त्याच्याशी भांडायला टेबल आहे का?

सुरुवातीला हा प्रश्न आलाच नव्हता, कारण यंत्र आपल्याविषयी काही समजूत करूनच घेत नव्हते. 'माय याहू' हे आपल्या निवडीने मांडायचे पान १९९६ मध्ये आले, गूगलचे तसेच पान २००५ मध्ये. त्याला पुढे 'आयगूगल' नाव मिळाले. बँकेतल्या माझ्या संगणकावर ते पान होते. डावीकडे पुण्याचे हवामान, मधे वर्तमानपत्रांचे मथळे, उजवीकडे कॅलेंडर आणि खाली बुद्धिबळाचे रोजचे एक कोडे. प्रत्येक चौकट मी स्वतः माउसने ओढून जागेवर बसवली होती. नको झाली की कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारायची, चौकट गेली. सकाळी दहा मिनिटांत सगळे पाहून होई आणि मी कामाला लागे.

ते पान १ नोव्हेंबर २०१३ ला बंद झाले. आपल्या निवडीच्या संकेतस्थळांवरचे नवे लेखन एका जागी आणून देणारे गूगल रीडर त्याच वर्षी १ जुलैला गेले होते. आता फोनवर अ‍ॅप आहेत, अशा पानाची गरज उरली नाही, असे आयगूगलबाबत कंपनीचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या पानाला तळ होता. चार चौकटी वाचल्या की पान संपायचे, आणि जे पान संपते त्यावर माणूस फार वेळ थांबत नाही.

आता दुसरी जात, अंदाज बांधणाऱ्या साइटींची. ही कल्पनाही तशी जुनी. १९९२ च्या सुमारास झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात 'टॅपेस्ट्री' नावाची प्रणाली होती. ढीगभर ई-मेलमधून वाचण्याजोगे कोणते, हे आधी वाचलेल्या सहकाऱ्यांच्या शेऱ्यांवरून ती ठरवू देई. म्हणजे आपल्याकडे परत आलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने 'भंगार' लिहून ठेवलेले असते, त्याचीच सुधारलेली आवृत्ती.

हे मोठ्या बाजारात नेले अ‍ॅमेझॉनने. त्यांच्या तीन अभियंत्यांनी २००३ मध्ये आपली रीत एका लेखात मांडली, आणि ती ऐकायला सोपी आहे. कोट्यवधी गिऱ्हाइकांमध्ये तुमच्यासारखा दुसरा कोण, हे शोधत बसायचे नाही. वस्तू वस्तूशी जुळवायच्या. कोणती वस्तू कोणत्या वस्तूबरोबर जास्त जणांनी घेतली, याचा तक्ता आधीच करून ठेवायचा. तुम्ही एक उचलली की तक्त्यातल्या शेजारणी पुढे करायच्या. किराणा दुकानदार रव्याबरोबर वेलदोडा हवा का विचारतो, तेच.

दुकानदारापुढे मात्र आपण उभे असतो. गेल्या वर्षी मी एका ऑनलाइन दुकानातून, त्याचे नाव सांगत नाही, तीन लिटरच्या कुकरची रबर मागवली. साठ-सत्तर रुपयांची वस्तू. त्यानंतर दोन महिने ते दुकान मला कुकर दाखवत होते. तीन लिटर, पाच लिटर, स्टीलचे, इंडक्शनवर चालणारे. आमच्या नाक्यावरचा भांडीवाला असे कधीच करणार नाही. रबर घ्यायला आलेल्या माणसाच्या घरी कुकर आहे, हे त्याला न सांगता कळते.

तरी खरेदीच्या साइटींना मी शंभरापैकी पासष्ट गुण देईन. ज्यांनी हे घेतले त्यांनी तेही घेतले, असे कारण त्या निदान समोर लिहितात. अ‍ॅमेझॉनवर एक पान असे आहे, की जिथे आपल्या जुन्या खरेदीपैकी अमुक वस्तू शिफारशीसाठी धरू नका, असे सांगता येते. ते पान या सभागृहातल्या किती जणांनी उघडले आहे, हात वर करा म्हटले तर मला वाटते हवेत पंखेच फिरताना दिसतील. टेबल आहे, पण ते माडीवर मागच्या खोलीत ठेवले आहे.

सिनेमांची गोष्ट जरा रंजक आहे. नेटफ्लिक्स तेव्हा डीव्हीडी टपालाने घरी पाठवत असे. २ ऑक्टोबर २००६ ला त्यांनी स्पर्धा जाहीर केली. प्रेक्षक कोणत्या सिनेमाला पाचपैकी किती तारे देईल, याचा आमचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. त्यासाठी ४,८०,१८९ प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले दहा कोटींहून अधिक अभिप्राय, नावे काढून, खुले केले. जगभरचे गणिती तीन वर्षे झटले. २००९ मध्ये निकाल लागला तेव्हा पहिल्या दोन संघांचे गुण सारखेच होते. ज्याने वीस मिनिटे आधी उत्तर पाठवले त्याला बक्षीस मिळाले. आणि ती संपूर्ण पद्धत कंपनीने वापरलीच नाही. ती बसवण्याचा खटाटोप मिळणाऱ्या सुधारणेच्या मानाने फार होता, आणि एव्हाना धंदाही टपालाकडून थेट पडद्याकडे वळला होता.

या वळणाने माणसाचे मागणे बदलले. टपालाने डीव्हीडी मागवणारा माणूस आठवडाभराने पाहण्यासाठी निवड करतो, म्हणून तो आपल्यातल्या बऱ्या माणसाच्या वतीने यादी करतो. गंभीर सिनेमा, माहितीपट, ऑस्कर मिळालेले काहीतरी. रात्री साडेनऊला जेवून कोचावर लवंडलेला माणूस वेगळा असतो. पुढे २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने तारे काढून टाकले आणि नुसता वर-खाली अंगठा ठेवला. माझे वडील 'स्मृतिचित्रे'ला आधी किती तारे देतील, असा अंदाज बांधला असता तर एकच आला असता. आणि अंगठा त्यांनी आयुष्यात फक्त पगारपत्रकावर सहीऐवजी तो उठवणाऱ्या सहकाऱ्यांचा पाहिला होता.

नावे काढलेल्या त्या अभिप्रायांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. टेक्सास विद्यापीठातल्या अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या दोघांनी दाखवून दिले, की एखाद्याने थोड्याशा सिनेमांना अंदाजे कोणत्या तारखांना किती तारे दिले, एवढे बाहेरून कळले तरी त्या ढिगातून नेमका तो माणूस हुडकता येतो. दुसरी स्पर्धा कंपनीने २०१० मध्ये मागे घेतली. आपल्या ग्रंथपालांची देवघेवीची वही रोज रात्री कपाटात कुलपात जायची. कोण काय वाचतो हे गावात फक्त त्यांना ठाऊक होते, आणि ते कुणाजवळ बोलले नाहीत.

आता यूट्यूब. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी टीव्हीची जागा त्यानेच घेतली आहे. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींचे मोजमाप बदलले. आधी व्हिडिओ किती वेळा उघडला गेला हे पाहत. त्यामुळे भडक चित्र लावून आत काहीच नसलेल्या व्हिडिओंचे फावले होते. मग ते किती वेळ पाहिला हे मोजू लागले. त्यांच्याच अभियंत्यांनी २०१६ मध्ये लिहिलेल्या निबंधात रीत दिली आहे. लाखो व्हिडिओंमधून आधी काहीशे निवडायचे, मग तुम्ही कोणता किती वेळ पाहाल याचा अंदाज करून त्यांची क्रमवारी लावायची.

आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ मध्ये मद्रासहून ग्रंथालयाचे पाच नियम प्रसिद्ध केले. चौथ्या नियमात त्यांचा आग्रह वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. ग्रंथपालांनी ग्रंथालयशास्त्राचे प्रमाणपत्र घेतले होते आणि हे पाच नियम पुठ्ठ्यावर लिहून टेबलामागे टांगले होते. तो पुठ्ठा आणि यूट्यूबचा निबंध शेजारी ठेवा. एकाने वाचकाचे मिनिट खर्चाच्या बाजूला मांडले आहे, दुसऱ्याने जमेच्या.

बरे, भांडायची सोय? ती दिसते तर खरी. 'आवडले नाही', 'यात रस नाही', 'हे चॅनेल सुचवू नका' अशी बटणे आहेत. मोझिला संस्थेने २०२२ मध्ये २२,७२२ लोकांच्या मदतीने ती दाबली तर काय होते ते मोजले. नकोशा शिफारशींपैकी 'आवडले नाही'ने १२ टक्के थांबल्या, 'रस नाही'ने ११ टक्के. 'हे चॅनेल सुचवू नका' सर्वांत गुणकारी, पण तेही ४३ टक्केच. यूट्यूबला हा निष्कर्ष मान्य नाही. एखादे चॅनेल नको म्हटले म्हणजे तो विषयच नको असा अर्थ आम्ही घेत नाही, अशी त्यांची बाजू आहे. असेल. पण ताईने अर्धा तास भांडून शंभरापैकी अकरा पुस्तके मिळवली असती, तर त्या प्रसंगाची गोष्ट झाली नसती.

या सगळ्या साइटींनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि आपल्याकडच्या घरांत तीच लागू पडत नाही. एक माणूस, एक पडदा. माझ्या भाचीच्या घरी काचेला तडा गेलेला एक मोठा फोन आहे. चुलीपासून गोठ्यापर्यंत तो सगळ्यांचा. मी सहज त्याचे पहिले पान पाहिले. वर हरिपाठ. त्याच्या खाली चिखलात रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढण्याची स्पर्धा. मग कटोरी ब्लाउजचे कटिंग, हिंदीत बोलणारे मांजराचे कार्टून, राज्यसेवेच्या परीक्षेचा भूगोल, पुन्हा ट्रॅक्टर. यंत्राच्या हिशेबी हा एकच माणूस आहे. तो पहाटे पाचला हरिपाठ ऐकतो, दुपारी ब्लाउज बेततो, शाळा सुटली की मांजर पाहतो आणि रात्री अक्षांश-रेखांश पाठ करतो. असा माणूस त्या घरात नाही. पण त्याला उद्या काय आवडेल, याचा हिशेब रोज चालू असतो. आजी म्हणते, "हल्ली हरिपाठ लावला की मधेच ते मांजर येतं." नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये एकाच खात्यात घरातल्या प्रत्येकाचे वेगळे दालन करून दिले. यूट्यूबवरही खाते बदलता येते. पण त्यासाठी आजीला स्वतःचे ई-मेल आणि पासवर्ड हवा. आणि फोन तिच्या हातात येतो तोच मुळी कुणीतरी हरिपाठ लावून दिल्यावर.

दुसरे दुखणे भाषेचे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. तरी मी देवनागरीत दोन शब्द टंकले की समोर हिंदी येते. लिपी एक, म्हणून यंत्र मला हिंदीवाला समजते. त्या दोन शब्दांत 'ळ' असेल तर माझे नशीब जरा बरे. आणि एकदा हिंदीवर बोट पडले की पुढचे सगळे हिंदीच, कारण आता ती माझी 'आवड' झाली. मराठीत केलेली चांगली गोष्ट पुढे यायला आधी पुष्कळांनी ती पाहिलेली हवी, आणि पुष्कळांनी पाहायला ती पुढे आलेली हवी. या चक्रात नवा मराठी व्हिडिओ, नवे मराठी पुस्तक तळाशी राहते. ग्रंथपाल नव्या लेखकाची एकच प्रत असली तरी ती आपल्या हाताने कुणाच्या तरी पिशवीत घालत.

तुम्हाला वाटेल, हा म्हातारा सगळ्यालाच नाके मुरडतो. तसे नाही. मला मनापासून आवडणारे एक उदाहरण सरकारी आहे, रेल्वेचे तिकीट काढण्याची आयआरसीटीसीची साइट. तत्काळची खिडकी वातानुकूलित डब्यांसाठी दहाला आणि साध्या डब्यांसाठी अकराला उघडते, आणि पहिल्या दोन मिनिटांत काय होते ते मी सांगायला नको. त्या साइटवर प्रवाशांची मास्टर लिस्ट करून ठेवता येते. नाव, वय, कोणता बर्थ हवा. मी एका निवांत रविवारी बसून ती भरली. पत्नीचे गुडघे दुखतात म्हणून तिच्या नावापुढे खालचा बर्थ. आता दहा वाजून काही सेकंदांनी मी फक्त टिचक्या मारतो. ती यादी मला ओळखते ते मी ओळख करून दिली तेवढेच. चुकले तर खोडायला माझाच हात.

विकिपीडियाबद्दल एवढेच सांगतो, की तिथला लेख कोणासाठीही बदलत नाही. मला जो दिसतो तोच माझ्या विरोधी पक्षातल्या शेजाऱ्याला, आणि पटला नाही तर प्रत्येक लेखाला चर्चेचे पान जोडलेले आहे. तिथे भांडणे होतात. कधी कधी फार क्षुल्लक गोष्टींवर होतात, पण होतात.

कायद्याचे दोन शब्द. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार, तुमच्या वागण्याची टिपणे न वापरता होणाऱ्या शिफारशींचा किमान एक पर्याय अतिमोठ्या साइटींना द्यावाच लागतो. त्यांच्यासाठी हे ऑगस्ट २०२३ पासून सुरू झाले. आपला व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही त्याच महिन्यात झाला. संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असे तो म्हणतो. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवायला त्याने मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी टप्प्याने लागू व्हायच्या आहेत. पण शिफारशीच बंद करून द्या, असे म्हणण्याचा युरोपसारखा थेट हक्क त्यात नाही. तो मागायला हवा, आणि वाचनालयाच्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव आणायला कुणाची हरकत असू नये.

तोवर एक करून पाहा. आज घरी गेल्यावर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये आधी पाहिलेल्याचा इतिहास पुसा आणि त्याची नोंद बंद करा. नातवाला सांगा, तो दोन मिनिटांत करून देईल. ऑगस्ट २०२३ पासून कंपनीने अशी व्यवस्था केली आहे, की पूर्वीची फारशी नोंद नसेल आणि पुढची बंद असेल तर पहिल्या पानावर शिफारशी येतच नाहीत. पान जवळजवळ कोरे दिसते आणि वर शोधायची चौकट तेवढी राहते. काय हवे ते तिथे तुम्हीच लिहायचे. आठ दिवस असे वापरा, जमले नाही तर पुन्हा चालू करा.

ग्रंथपालांचे टेबल अजून खाली त्याच जागी आहे. नव्या ग्रंथपाल बाई मंगळवार ते रविवार संध्याकाळी पाच ते आठ तिथे बसतात. सोमवारी वाचनालय बंद असते.